गुप्तधनाचा दुसरा भाग

गुप्तधन शोधायला माणूस पायाळू असावा लागतो, हे मराठी मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो, हंड्यावर भुजंग बसलेला असतो, तो काहीतरी मागतो, आणि मागितलेलं मिळालं नाही तर हंडा सरकत सरकत दुसऱ्याच्या शेतात जातो. या सगळ्या व्यवस्थेत एक माणूस मात्र कुठेच बसत नाही, तो म्हणजे वाचणारा. धन दिसतं ते जन्माच्या योगाने, दृष्टांताने किंवा देवऋष्याच्या कृपेने. मोडी वाचता येत होती म्हणून हंडा सापडला, अशी गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. चष्मा लावणारा, तळटिपांत रमणारा, चार पायऱ्या चढला की धापा टाकणारा नायक खजिना शोधायला निघतो, त्याची फजिती होते, तरी शेवटी त्याचं वाचनच कामाला येतं, आणि लोकांना तो आवडला म्हणून दोन वर्षांनी पुन्हा निघतो: हा चित्रपटप्रकार इंग्रजीत रुळला, बंगालीत रुळला, मराठीत मात्र उंबरठ्याबाहेरच उभा आहे. त्याचं कारण आपण सवयीने बजेटात शोधतो. मला ते त्या पायाळू माणसात दिसतं. आणि त्यावरचा उतारा पेण आणि रोहा या शेजारच्या दोन तालुक्यांत निदान शंभर-सव्वाशे वर्षं पडून आहे.

आधी या प्रकाराची घडण पाहू. रायडर हॅगर्डची 'किंग सॉलोमन्स माइन्स' ही कादंबरी १८८५ ची. तिचा नायक हत्तींची शिकार करणारा. खजिन्यापर्यंत पोचायला त्याला बंदूक, वाटाडे आणि नशीब पुरतं. पुढे १९८१ मध्ये इंडियाना जोन्स आला. तो प्राध्यापक होता खरा, पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो त्याचा चाबूक आणि टोपी. अस्सल पुस्तकी नायक एकाच वर्षी, २००४ मध्ये, दोन ठिकाणी उगवला. 'नॅशनल ट्रेझर'मध्ये निकोलस केजचा बेन गेट्स जुन्या कागदांतून वाट काढत जातो. टीव्हीसाठी केलेल्या 'द लायब्रेरियन' या चित्रपटात नोआ वाइलचा फ्लिन कार्सन हा तर बावीस पदव्या घेऊनही विद्यापीठ न सोडणारा चिरंजीव विद्यार्थी. त्याला एका अजब ग्रंथालयात नोकरी लागते आणि नोकरीचा भाग म्हणून जगभर धावावं लागतं. दोघांचेही दुसरे भाग लगेच आले: फ्लिनचा २००६ मध्ये, तोही सॉलोमनच्या खाणींच्याच मागावर, आणि गेट्सचा २००७ मध्ये.

दुसऱ्या भागाची अडचण इथे उघडी पडते. पहिल्या भागातली गंमत सगळी विजोडपणाची असते. ज्याने जंगल फक्त नकाशात पाहिलं तो जंगलात शिरतो, म्हणून आपण हसतो. दुसऱ्या भागापर्यंत तो सरावलेला असतो, म्हणजे मुख्य विनोद खर्चून झालेला असतो. बावीस पदव्यांच्या तेवीस करून काही फरक पडत नाही. मग लेखक घराकडे वळतात. फ्लिनच्या दुसऱ्या भागात त्याच्या वडिलांच्या मृत्यूची गोष्ट येते, गेट्सच्या दुसऱ्या भागात खापरपणजोबावर लागलेला लिंकनच्या खुनाच्या कटाचा डाग पुसायचा असतो, आणि त्याआधी १९८९ मध्ये इंडियाना जोन्सच्या तिसऱ्या भागात त्याचे वडीलच हजर झाले होते. तीन वेगळ्या चमूंनी एकच वाट धरली, याला योगायोग म्हणवत नाही. ज्ञान वाढवून दाखवता येत नाही, म्हणून नातं वाढवायचं. यातून प्रेमळ, हसरे प्रसंग मिळतात हे कबूल. जोनाथन फ्रेक्सने केलेला फ्लिनचा दुसरा भाग कुटुंबाने मिळून पाहावा असा आहे. पण त्यात शेवटाकडे मंत्रतंत्र वरचढ होतं आणि वाचन मागे पडतं. नायकाचं पुस्तकीपण हा त्याचा वेश होऊन बसतो, जसा नाटकातल्या वकिलाचा काळा कोट.

बंगालीने याहून शहाणा मार्ग काढला. ध्रुव बॅनर्जी यांच्या 'गुप्तधनेर संधाने' (२०१८) मध्ये अबीर चॅटर्जीने केलेला सोनादा हा इतिहासाचा प्राध्यापक आहे. पुढच्याच वर्षी 'दुर्गेशगडेर गुप्तधन' आला, २०२२ मध्ये 'कर्णसुवर्णेर गुप्तधन'. या तिन्हींत सोनादा फारसा बदलत नाही. तो पहिल्या दिवसापासून हुशार, शांत आणि किंचित आढ्यतेखोर आहे. खाण्यापिण्याचा आणि बावळटपणाचा विनोद सोबतच्या आबीर या पात्राकडे सोपवलेला. बदलतं ते गाव. दुसऱ्या भागात एका जुन्या जमीनदारी वाड्यातली दुर्गापूजा आहे, आणि खजिन्याच्या खुणा पूजेच्या रीतीभातींत आणि गाण्यांत गुंफलेल्या आहेत. ज्याला बंगालचं अठरावं शतक ठाऊक आहे त्यालाच त्या उलगडतात. म्हणजे प्रेक्षकाने दुसरं तिकीट काढलं ते नायकाच्या वडिलांसाठी नव्हे, दुसऱ्या जिल्ह्यासाठी. याची मुळं सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेरात आहेत. 'सोनार केल्ला' (१९७४) मध्ये तोतया विद्वान पूर्वजन्माच्या आठवणींतून खजिना काढायला निघतात, आणि फेलूदाला अडलं की तो सिधूज्याठांकडे जातो, जे चालतंबोलतं ग्रंथालयच आहेत. पुनर्जन्म आणि वाचन यांची झुंज लावून वाचनाला जिंकवायचं, हा डाव बंगालीत पन्नास वर्षांपूर्वीच मांडून झाला.

आपल्याकडे पडद्यावर गुप्तधन आलं ते भयाच्या अंगाने. राही बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) हिंदी असला तरी त्याची माती, वाडे आणि भिजलेली सोवळी कोकणातलीच. त्यातला विनायकराव खजिन्यापर्यंत पोचतो तो म्हातारीच्या तोंडून गुपित काढून; वाचण्यासारखं त्याच्याकडे काही नाही, फक्त भूक आहे. चित्रपट मोठा आहे. २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी झाली आणि दुसऱ्या भागाची घोषणाही झाली. पण तो पायाळू परंपरेचाच कळस आहे: धन रक्तातून मिळतं आणि रक्त मागतं. त्याच वर्षी आलेली 'मानवत मर्डर्स' ही मालिका मराठवाड्यात १९७२ पासून घडलेल्या खऱ्या खूनसत्रावरची, आणि त्या खुनांच्या मुळाशीही गुप्तधनाची अंधश्रद्धा सांगितली गेली. हसऱ्या बाजूला पाहिलं तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे होता. त्याच्यावर आदित्य सरपोतदार यांनी २०१७ मध्ये 'फास्टर फेणे' केला, तो चांगला चाललाही, पण कथानक परीक्षेतल्या घोटाळ्याचं होतं आणि पुढचा भाग पडद्यावर आला नाही. दुसऱ्या भागांचं मराठीला वावडं नाही. 'मुंबई-पुणे-मुंबई'चे तीन झाले, 'झपाटलेला'चा दुसरा वीस वर्षांनी आला, 'नवरा माझा नवसाचा'चाही तसाच. वाचकांनाही भूक आहे: प्रकाश कोयाडे यांची 'प्रतिपश्चंद्र' ही शिवकालीन रहस्याभोवतीची कादंबरी हातोहात गेली. अडलं आहे ते एकाच ठिकाणी. वाचणारा माणूस मराठी पडद्यावर गरीब मास्तर असतो किंवा विनोदी प्राध्यापक. त्याच्या हातात गोष्टीची सूत्रं द्यायला आपण बिचकतो.

आता पेण तालुक्यातलं वरसई. या गावच्या विष्णुभट गोडशांवर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी आली, तेव्हा १८५७ च्या सुरुवातीला हा वेदपाठी भिक्षुक चुलत्यांसोबत उत्तरेकडे निघाला. पुढे काय झालं ते त्यांनी 'माझा प्रवास'मध्ये लिहिलं. महूच्या आसपास बंडाची कुणकुण लागली आणि दक्षिणेच्या वाटेवर निघालेला माणूस थेट इतिहासाच्या जबड्यात गेला. झाशीत त्याने राणीचा आश्रय घेतला, ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतलं तेव्हा जीव मुठीत धरून लपून राहिला, काल्पीच्या वाटेवर एका विहिरीशी त्याला पराभूत राणी पुन्हा भेटली, आणि गाठीला जमलेलं वारंवार लुटलं गेलं. शेवटी घरी आला तो गंगेची कावड घेऊन. खजिन्याच्या शोधातल्या पुस्तकी नायकाची याहून नेटकी गोष्ट कुठल्या पटकथाकाराला सुचणार? तीत हलकेपणा पुरेपूर आहे, कारण विष्णुभट शूर असल्याचा आव कुठेही आणत नाहीत. त्यांना सोवळ्याची, जेवणाची आणि दक्षिणेची काळजी तोफांइतकीच असते. भोवती शहर जळत असताना निवेदकाची नजर पाणी कुठे मिळेल इकडे लागलेली, हा विनोद कुणाला लिहून जमत नाही. आणि शेवटाचा कलाटणीचा प्रसंग पाहा: धन आणायला गेलेला माणूस धन घालवून येतो आणि जे घेऊन येतो त्याची किंमत पुढे पन्नास वर्षांनी कळते. भारताचार्य चिं. वि. वैद्यांनी ते हस्तलिखित १९०७ मध्ये आपल्या हाताने बरीच डागडुजी करून छापलं. विष्णुभटांच्या स्वतःच्या शब्दांतली संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर काढली. खजिना सापडला, पण नकाशावर कुणी रंग दिला होता तो खरवडायला आणखी एकोणसाठ वर्षं लागली.

हा पहिला भाग. दुसराही वरसईचाच आहे. १८६३ मध्ये याच गावात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे जन्मले. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं शोधत त्यांनी महाराष्ट्र पायाखाली घातला. वाईत त्यांना अठराव्या शतकातल्या पत्रांचा मोठा साठा हाती लागला आणि त्यावर १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, १७५० ते १७६१ या काळाचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा. पुढे असे बावीस खंड झाले. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं त्यातही ते होते. १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात त्यांचं निधन झालं तेव्हाही शोध संपलेला नव्हता. त्यांची राहणी चित्रपटाला लागते तशी तयारच आहे: खांद्यावर घोंगडी, हाताने रांधणं, कुणाशी पटवून न घेण्याचा स्वभाव, आणि एकदा मत झालं की ब्रह्मदेव आला तरी माघार नाही. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या शोधाचा नमुना. हॉलिवूडचा दुसरा भाग घराण्याकडे वळतो तो भावनेसाठी. राजवाड्यांच्या बाबतीत घराणं हेच कुलूप आहे. दप्तर देवघराच्या माळ्यावर असतं, मालकाला त्यातलं अक्षर वाचता येत नाही, पण ते दाखवलं तर इनाम जाईल, भाऊबंद वाटणी मागतील, आजोबांची काही लाज उघडी पडेल, या भीतीने तो पेटी उघडत नाही. इथे दार फोडून चालत नाही. चहा प्यावा लागतो, चार वेळा यावं लागतं, वंशावळ पाठ म्हणून दाखवावी लागते. भुजंगाची जागा घेणारा हा राखणदार आजही कोकणातल्या कुठल्याही वाड्यात जिवंत भेटतो, आणि तो फुत्कारण्याऐवजी म्हणतो, 'कागद? छे हो, आमच्याकडे कसले कागद!' हसऱ्या चित्रपटाला याहून चांगला खलनायक नको.

एकाच गावची दोन माणसं, एक दक्षिणेसाठी निघालेला आणि एक कागदांसाठी. दोघांच्या शोधातल्या वस्तूत फरक आहे आणि तिथेच दुसऱ्या भागाचं मर्म सापडतं. नायक बदलू नये, त्याचे वडील आणू नयेत. खजिना कशाला म्हणायचं ते बदलावं. पहिल्या भागात त्याने सोनं शोधावं आणि कागद सापडावा. दुसऱ्या भागात त्याने जाणूनबुजून कागद शोधावा आणि सोनं शोधणारे त्याच्या मागे लागावेत, कारण त्यांचा अजून पहिलाच भाग चालू आहे.

रोह्याकडे वळलं की या म्हणण्याला दगडाचा पुरावा मिळतो. मेढ्याजवळच्या अवचितगडावर एका बुरुजात देवनागरी शिलालेख आहे. त्यात गणेशाला नमन करून शके १७१८, नळनाम संवत्सर आणि चैत्रातली तिथी दिली आहे. इथे पायाळू माणसाला काहीच दिसणार नाही, वाचणाऱ्याला मात्र एक छोटं यंत्र हाती लागतं. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की १७९६ येतं. पण लेख खरा कशावरून? संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं. शके १९०९ ला प्रभव, म्हणजे चक्रातलं पहिलं संवत्सर होतं. तिथून मागे मोजत गेलं की शके १७१८ ला बरोबर पन्नासावं, नळ, येतं. दोन स्वतंत्र मोजण्या एकमेकींना साक्ष देतात. एखाद्या भामट्याने खजिन्याचा बनावट शिलालेख विकायला काढला आणि त्यात शक आणि संवत्सर यांचा मेळ बसला नाही, तर पंचांग हातात घेतलेला ग्रंथपाल त्याला बुरुजावर उभ्याउभ्या उघडा पाडू शकतो. हा प्रसंग दोन मिनिटांचा आहे, त्याला एकही स्फोट लागत नाही आणि प्रेक्षक बोटांवर मोजत घरी जातो.

याहून जुनी साक्ष रोह्याच्या दक्षिणेला, मांदाडच्या खाडीकडच्या कुडा लेण्यांत. इथे सव्वीस लेणी आहेत आणि ब्राह्मी लेखांत ती कुणी दिली हे लिहून ठेवलं आहे. महाभोज मांदव खंदपालित या स्थानिक अधिपतीचं नाव येतं, पण दान देणारा आहे त्याच्या पदरचा शिवभूती, आणि त्याचा हुद्दा लिहिला आहे 'लेखक'. दुसऱ्या एका लेण्याच्या लेखात त्याच्या धाकट्या भावाचं, शिवमाचं नाव आहे. दोन हजार वर्षांच्या आगेमागे या खाडीवर लिहिण्याचा धंदा करणारं कुटुंब डोंगर कोरून घेण्याइतकं सुखवस्तू होतं. (आजच्या ग्रंथपालांनी हे वाचून अनुदानाच्या फायलीकडे पाहू नये.) आणि हाच सांधा पुढे जोडायचा तर रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव: मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती, मग आयसीएस, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून केंद्रीय अर्थमंत्री, आणि मधल्या वेळात मेघदूताचा मराठी अनुवाद. देशाच्या तिजोरीची किल्ली संस्कृतच्या विद्यार्थ्याकडे गेली, याहून पुस्तकी नायकाचा मोठा विजय कोणता? पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा त्यांच्याहून चार महिन्यांनी मोठे. रोह्यातच जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात वर्षानुवर्षं बैठक मारली. या तिघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, विनोबांना १९५८, चिंतामणरावांना १९५९ आणि आठवल्यांना १९९६ मध्ये. लागून असलेल्या दोन तालुक्यांशी नातं सांगणारे तीन वाचक. तिथे पुस्तकी नायक पटणार नाही असं म्हणणाऱ्याने तो भाग पाहिलेला नसावा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: वाचन दिसत नाही. पडद्यावर माणूस कागदाकडे पाहतोय, त्यात काय पाहायचं? आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच वाचनाला हातांची जोड हवी. बंगालीने दुर्गापूजा वापरली तशी इथे पेण आहे. पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत गणपती वर्षभर घडतात. साचा, शाडू, जोड पुसणं, सुकवणं, रंग आणि सर्वात शेवटी डोळ्यांची आखणी, जी प्रत्येक हाताला जमत नाही. जुन्या साच्याच्या आतल्या अंगावर काही कोरलं असेल तर ते उलटं उमटेल, आणि प्रत्येक मूर्तीबरोबर ती खूण दरवर्षी घराघरांत जाऊन पाण्यात विसर्जित होईल. ती वाचायची तर भाद्रपदाच्या आत. घड्याळाची टिकटिक आपोआप आली. पाठलागासाठी कुंडलिका आहे, आणि तिथेही माहितगारच जिंकतो: कोलाडची राफ्टिंग भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून पाणी सुटतं त्या वेळेवर चालते. पाणी कधी येणार हे ज्याने विचारून ठेवलं तो नावेत, बाकीचे गोट्यांवर. मोटारींचा पाठलाग मुंबई-गोवा महामार्गावर घेऊ नये. २०११ मध्ये सुरू झालेलं ते रुंदीकरण इतकी वर्षं रेंगाळलं, की त्यावर कुणी कुणाला गाठलं तर प्रेक्षकच विश्वास ठेवणार नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गुप्तधनाच्या नादाने या राज्यात माणसं मारली गेली. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधासाठी केले जाणारे अघोरी प्रकार घालावे लागले. अशा ठिकाणी खजिन्याची हसरी गोष्ट सांगणं म्हणजे आगीशी खेळ नाही का? मला वाटतं, भयपटाने या समजुतीला जेवढं खतपाणी घातलं तेवढं विनोदाने घातलं नसतं. भय समजुतीला गांभीर्य देतं. हसणं तिची हवा काढतं, अट एवढीच की चित्रपटाच्या शेवटी मंत्र खरा ठरता कामा नये. फ्लिन कार्सनच्या दुसऱ्या भागाची खरी चूक मला तिथे दिसते. आणि कायद्यात विनोदाची खाण आहे. १८७८ चा निखात निधीविषयीचा कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं धन दहा रुपयांहून अधिक मोलाचं असेल तर ज्याला ते सापडलं त्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दहा रुपये! म्हणजे आपल्या नायकाला हंडा सापडल्यावर नाचता येत नाही. त्याला अलिबागला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज कसा लिहायचा हे त्या टोळीत फक्त त्यालाच येतं.

तिसरा आक्षेप म्हणजे इतिहासाची नाजूक त्वचा. शिवकाळाला हात लावला की कुणाच्या तरी भावना दुखावतात, मग निर्माता काढता पाय घेतो. पण खजिना नेहमी छत्रपतींचाच का असावा? अलिबागजवळ आक्षीला शिलाहारकालीन मराठी शिलालेख आहे, शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ वाचला आणि त्या वाचनाप्रमाणे तो मराठीतल्या सर्वात जुन्या ज्ञात लेखांत बसतो. कोकणभर गधेगाळी, म्हणजे शाप कोरलेले दानाचे दगड, विखुरलेल्या आहेत, वर चंद्रसूर्य आणि खाली ती प्रसिद्ध शिवी. इंग्रजी चित्रपटातला शाप सोन्यावर पहारा देतो. गधेगाळीवरचा शाप दान दिलेल्या जमिनीवर पहारा देतो: जो हे दान मोडेल त्याच्या घरी असं होवो. दगडाखाली हंडा असल्याच्या आशेने खणणाऱ्याला काही मिळत नाही, कारण ज्याचं रक्षण चाललं होतं ते भोवतालचं शेत होतं, आणि ते तो तुडवत आला. दुसऱ्या भागाचं कथानक इथे अर्धं लिहून झालं आहे. उरलेलं अर्धं सातबाऱ्यावर.

शेवटचा आक्षेप प्रेक्षकांचा. दोन तास बसवून हातात कागद किंवा दगड ठेवला तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. सोनं चमकलंच पाहिजे. याचं उत्तर नालासोपाऱ्यात १८८२ मध्ये मिळून गेलं. शाळेबाहेरच स्वतःच्या बळावर लिपी शिकलेले, भाऊ दाजी लाडांकडे उमेदवारी केलेले जुनागडचे पंडित भगवानलाल इंद्रजी तिथे गेले. कुडा लेण्यांचे लेख वाचणाऱ्यांतही ते होते. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत होते तो स्तूप आहे, हे त्यांनी ताडलं आणि बरोबर मध्यावर खणायला लावलं. आत दगडी करंडक, त्यात बुद्धाच्या छोट्या मूर्ती, सोन्याची फुलं आणि एकात एक बसवलेल्या डब्या निघाल्या: तांब्याची, तिच्या आत चांदीची, आणि असं करत सर्वात आत सोन्याची. सोन्याची डबी उघडली तर तीत मातीच्या भांड्याच्या काही खापऱ्या होत्या. बुद्धाचं भिक्षापात्र मानून त्या जपलेल्या. सोनं चमकलं, पण वेष्टन म्हणून. तो सगळा ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला, म्हणजे रोह्याचे शास्त्रीबुवा पुढे जिथे वाचत बसायचे त्याच ग्रंथालयाच्या छपराखाली.